सुईच्या डबीतला गळ

१४९६ साली लंडनला लागून असलेल्या वेस्टमिन्स्टरमध्ये विन्किन द वर्ड या मुद्रकाने शिकार, ससाणे आणि घराण्यांची मानचिन्हं यांवरचा एक ग्रंथ छापला. त्याला गळाने मासे धरण्यावरचं एक प्रकरण जोडलेलं होतं. इंग्रजीत या विषयावर छापून आलेलं हे पहिलं लेखन. परंपरेने ते डेम ज्युलियाना बर्नर्स या मठाधिकारी बाईंच्या नावावर आहे. त्या बाई खरंच होऊन गेल्या की नाही, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. मला त्या वादापेक्षा गळ कसा करावा हे सांगणाऱ्या ओळी मोलाच्या वाटतात. तिथे लोहाराकडे जा असं म्हटलेलं नाही, सुई घ्या असं म्हटलं आहे. बारक्या माशासाठी मिळेल तितकी बारीक सुई, त्याहून मोठ्यासाठी भरतकामाची किंवा शिंप्याची, थोराड माशासाठी चांभाराची. ती कोळशाच्या विस्तवात लाल करायची आणि निवू द्यायची. मऊ झाली की सुरीने काटा उचलायचा, टोक घासायचं, पुन्हा तापवून वाक द्यायचा. शेवटी परत लाल करून पाण्यात बुडवायची, म्हणजे पोलादाला पाणी बसतं. दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. तो रंगवायला तुरटी, घरची बिअर, अक्रोडाचा पाला, काजळी. काठी रानातल्या झाडाची.

एवढं सांगून झाल्यावर बारा माशा येतात. मार्चमधल्या पहिल्या माशीचं अंग करड्या लोकरीचं आणि पंख पार्ट्रिजचे, म्हणजे आपल्या तित्तराच्या भाऊबंदांतल्या पाखराचे.

हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही, म्हणून थोडं सांगतो. ट्राऊट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. त्याचं पुष्कळसं खाणं म्हणजे पाण्यातले किडे. हे किडे अळीच्या रूपात महिनोन्‌महिने नदीच्या तळाशी राहतात, एखाद्या दिवशी वर येतात, पंख फुटून उडतात आणि बरेचसे एक-दोन दिवसांत मरतात. गळाला गांडूळ किंवा कणीक न लावता त्यावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून अशा किड्याचा भास उभा करायचा, याला माशी बांधणं म्हणतात. ही युक्ती इंग्रजांचीही नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन लेखक एलियनने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत. लोकर आणि कोंबडा. मेंढ्या आणि खुराडं असलेल्या कुठल्याही घरात या दोन गोष्टी असायच्याच.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही कला घरातल्या जिनसांतून निघाली आणि घरातल्याच जिनसांवर ती आजही उत्तम चालते. मध्यंतरी ती महाग करण्यात आली. त्या महागाईची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत आपल्या सह्याद्रीतलं एक पाखरूही आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा. घराच्या खालच्या मजल्यावर यंत्रमाग आणि वर आम्ही. आई कांड्या भरायची, त्यामुळे दोऱ्याचा ताण बोटाला कळणं हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. सत्तरच्या दशकात ब्रॅडफर्डच्या एका लोकरीच्या गिरणीत लागलो. आपल्याकडच्या जॉबरला तिथे ओव्हरलुकर म्हणत. आमच्या शेडचा ओव्हरलुकर यॉर्कशरच्या डोंगरातला होता आणि जेवणाच्या सुट्टीत मागाच्या फळीवर बसून माशा बांधायचा. त्याच्याकडे शिकंजा नव्हता. गळ डाव्या हाताच्या चिमटीत आणि दोरा उजव्या हातात. दोरा शिंप्याचा रेशमी, त्याला चांभाराचं मेण चोळलेलं. लोकर शेडमधल्या झाडलोटीतली. पिसं त्याच्या मेव्हण्याने मारलेल्या पाखरांची. तिथल्या जुन्या लोकांना यात काही विशेष वाटत नसे, आणि तेच मला विशेष वाटलं. पुढे सुट्टीच्या दिवशी आगगाडीने इल्कलीला उतरून व्हार्फ नदीच्या काठाने वर जायचं आणि दिवसाचा परवाना काढून उभं राहायचं, हा परिपाठ झाला.

यॉर्कशरच्या या माशांना मोठी परंपरा आहे. टी. ई. प्रिट या लीड्सच्या माणसाने १८८५ मध्ये त्या चित्रांसह पुस्तकात आणल्या, पण त्याच्याही आधी त्या शेतकऱ्यांच्या आणि विणकरांच्या टोप्यांना टोचलेल्या असत. नावं सरळ जिनसांचीच आहेत. ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ म्हणजे पार्ट्रिजचं पीस आणि नारिंगी रेशीम. ‘स्नाइप अँड पर्पल’ म्हणजे पाणलाव्याचं पीस आणि जांभळं रेशीम. ‘वॉटरहेन ब्लोआ’त पिवळ्या रेशमावर मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची लव आणि पाणकोंबडीचं पीस. तिकडचे मोल पकडणारे मेलेले मोल कुंपणाच्या तारेवर ओळीने टांगून ठेवतात. शेतकऱ्याला कामाचा हिशेब दिसावा म्हणून. तिथून चिमूटभर लव घ्यायला कोणाची ना नसते.

पार्ट्रिज अँड ऑरेंज बांधताना काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. रेशीम मेणावरून ओढलं की त्याचा झगझगीत नारिंगी रंग उतरतो आणि काळपट होतो. गळाच्या दांडीवर ते वेढ्याला वेढा लावून बसवायचं. काट्याच्या वर येईपर्यंत जायचं आणि तसंच परत फिरायचं. अंग म्हणून एवढंच. मग पार्ट्रिजच्या पाठीवरचं तपकिरी ठिपक्यांचं एक पीस घ्यायचं, बुडाची कापसासारखी पिसारी काढून टाकायची, शेंड्याकडून ते बांधायचं आणि गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोर ओवायच्या भोकाजवळ, फक्त दीड-दोन वेढे द्यायचे. नवशिका चार-पाच वेढे देतो, माशी झुबकेदार दिसते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. विरळ बांधली तर पाण्यात ते मोजके केस प्रवाहाबरोबर उघडमीट करतात, आणि बुडणाऱ्या किड्याचे पाय असेच हलतात. भिजलेलं रेशीम आतून उजळल्यासारखं दिसतं. एका पार्ट्रिजच्या कातड्यावर शेकडो माशा होतात. दोरा तर रिळातला नावालाच लागतो.

पुस्तकी परंपरेतही हे साधेपण दीर्घकाळ टिकलं. आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ला १६७६ मध्ये त्याचा मित्र चार्ल्स कॉटनने दुसरा भाग जोडला. कॉटन स्टॅफर्डशरमधला जमीनदार, डव्ह नदीच्या काठी त्याने मासेमारीसाठी दगडी बंगली बांधली होती आणि तिच्यावर दोघांची आद्याक्षरं गुंफून कोरली होती. पैशाला तोटा असो-नसो, पण त्याची सामग्री पाहा: काळ्या स्पॅनियल कुत्र्याचे केस, डुकराच्या अंगावरची मऊ लव, अस्वलाचे केस, मोराच्या पिसाचे तंतू. त्या काळच्या माशी बांधणाऱ्यांना चामडं कमावणाऱ्यांच्या चुन्याच्या खड्ड्याची वाट ठाऊक होती, कारण चुन्यात पडलेल्या केसांना येणारी सोनेरी झाक रंगाऱ्याच्या कढईत मिळत नाही. ज्याला कोणी किंमत देत नाही अशा वस्तूतला रंग ओळखणारी ही नजर मला फार मोठी वाटते.

सुईचा आणि गळाचा संबंधही तुटला नाही. वूस्टरशरमधलं रेडिच हे गाव एकोणिसाव्या शतकात सुयांसाठी जगात ओळखलं जाई, आणि त्याच गावात गळ होऊ लागले. तार तीच, घासणं तेच, पाणी देणं तेच. तिथल्या ऑलकॉक कंपनीचे गळ साऱ्या साम्राज्यात जात. कारखान्यात ओळीने बसलेल्या मुली माशा बांधत. श्रीमंतांच्या या छंदामागे बोटं बहुधा गरिबाघरच्या बायकांची होती आणि त्यांची नावं पाकिटावर नसत.

याच शतकात माशी महाग झाली. त्याचं कारण नदीत शोधून सापडत नाही. ते बंदरांत होतं. लंडन-लिव्हरपूलच्या धक्क्यावर जगभरची पिसं बायकांच्या टोप्यांसाठी उतरत होती. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या नद्यांत सामन धरणाऱ्या बड्या लोकांनी त्यांतली पिसं माशांवर घेतली. विल्यम ब्लॅकरने १८४० च्या दशकात या भपकेबाज माशांचं पुस्तक काढलं, आणि १८९५ मध्ये जॉर्ज केल्सनच्या ‘द सामन फ्लाय’ने कळस केला. एकेका माशीला टूकन, मकाव, माळढोकाच्या जातीचे पक्षी, सोनेरी फेझंट अशी डझनभर पिसं. गंमत नाही, वाईट वाटावं अशी गोष्ट ही की समुद्रातून नदीत अंडी घालायला आलेला सामन काही खातच नाही. तो माशीवर का झेप घेतो हे कोणालाही नीट सांगता येत नसताना केल्सनने कोणत्या पिसाने काय साधतं याचं शास्त्र रचलं, आणि लोकांनी ते मानलं.

या माशांत जवळजवळ हटकून लागणारं एक पीस म्हणजे आपल्या राखी रानकोंबड्याचं. हा पक्षी जगात फक्त भारतात, मुख्यत्वे पश्चिम घाटात आणि द्वीपकल्पाच्या डोंगरांत आढळतो. आम्ही इचलकरंजीचे लोक दाजीपूरच्या रानात गेलो की पहाटे त्याची बांग ऐकू यायची. गावकोंबड्यासारखी लांबत नाही, मध्येच तुटते. त्याच्या मानेवरची पिसं काळपट असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी पिवळसर, गुळगुळीत, कडक चकती असते. हात लावला तर पीस आहे असं वाटत नाही, कोणी मिन्याचा थेंब टाकून वाळवला असं वाटतं. माशीच्या दोन्ही गालांवर हे पीस लावलं की बारक्या माशाचा डोळा दिसतो. हे पीस फक्त नरालाच असतं, आणि ते काढायचं तर मानेची अख्खी कातडी सोलून घेतात. सह्याद्रीत फासे लावणाऱ्याला त्याचे काही आणे मिळत, लंडनच्या दुकानात तीच मान शिलिंगांनी विकली जाई.

१९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपाखरांची पिसं परदेशी धाडण्यावर बंदी घातली, १९२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. तरी रानकोंबड्याची मान पुढे कित्येक दशकं परदेशी दुकानांत मिळत राहिली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारताने तिची निर्यात रोखली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यालाच संरक्षण दिलं. मग तिकडच्या लोकांनी काय केलं? कोंबडीच्या साध्या पिसाच्या टोकावर पिवळ्या-पांढऱ्या एनॅमलचा किंवा नखांच्या रंगाचा ठिपका दिला, वाळू दिला, बांधला. सामन त्यालाही लागला. हेच शंभर वर्षं आधी करून पाहायला काय हरकत होती, हा प्रश्न मला आजही सोडत नाही. त्या जुन्या नादाचं भूत अजून उतरलेलं नाही. २००९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातून एका अमेरिकन संगीत विद्यार्थ्याने पक्ष्यांची २९९ कातडी चोरली, ती याच व्हिक्टोरियन माशांच्या पिसांसाठी. त्यांतली काही दीडशे वर्षं जपलेली होती आणि चिठ्ठ्या तोडून टाकल्यामुळे अनेकांचा शास्त्राला असलेला उपयोग कायमचा गेला.

त्या झगमगाटातही एक बाई मला आदराची वाटते, ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ब्रोरा गावाजवळची मेगन बॉइड. एका रखवालदाराने तिला लहानपणी शिकवलं ते असं: जुनी माशी वेढ्यामागून वेढा उलगडायची आणि तीच सामग्री लहान गळावर पुन्हा बांधायची. शिकायला यापरती स्वस्त शाळा नाही. समुद्राकडे पाहणाऱ्या छोट्या घरात, वीज येण्याआधी दिव्याच्या उजेडात, तिने जन्मभर माशा बांधल्या. राजपुत्र चार्ल्स तिच्या गिऱ्हाइकांत होते. १९७१ मध्ये तिला सरकारी पदक जाहीर झालं तेव्हा कुत्र्याजवळ बसायला कोणी नाही म्हणून ती समारंभाला गेली नाही. तिने स्वतः कधी मासा धरला नाही.

माशीला घरी परत आणणारा माणूस मात्र फ्रँक सॉयर. जन्म १९०६ चा, विल्टशरमधल्या बलफर्डचा. एव्हन नदीच्या वरच्या भागात, नेदरेव्हन इथे, लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी संस्थेचा तो नदी-रखवालदार होता. कामच असं की सकाळ-संध्याकाळ पाण्यात गुडघाभर उभं राहून गवत कापायचं आणि गाळ काढायचा. नदीच्या तळाशी राहणारे किडे त्याने माणसं ओळखावीत तसे ओळखले. पोहताना या किड्यांची अळी, इंग्रजीत निम्फ, पाय अंगाशी घट्ट आवळून घेते, हे त्याने पाहिलं आणि आपल्या माशीचे पायच काढून टाकले. मग दोराही काढला. त्याची ‘फेझंट टेल निम्फ’ दोनच गोष्टींची आहे. एक, फेझंटच्या नराच्या शेपटीतल्या तांबूस पिसाचे चार तंतू. फेझंट तिकडे शिकारीत ढिगाने पडतो आणि शेपूट टाकूनच देतात. दुसरी, केसासारखी बारीक तांब्याची तार, छोट्या मोटारीच्या वाइंडिंगमध्ये असते तसली.

या तारेने त्याने तीन कामं साधली. आधी गळावर तार गुंडाळून पुढच्या बाजूला फुगवटा आणला. तेच वजन, त्याने माशी तळाकडे जाते. मग तंतूंची टोकं शेपटीसाठी थोडी बाहेर ठेवून ती तारेनेच बांधली, तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे वेढत नेले. आता अंगावर तांब्याची बारीक चमक आली आणि तंतूंना बळकटी आली. शेवटी उरलेले तंतू फुगवट्यावरून मागे-पुढे दुमडले आणि तारेचे वेढे देऊन संपवलं. किड्याच्या पाठीवर पंख फुटण्याआधी जी काळपट गाठ दिसते, ती या घड्यांनी येते. गाठ मारायला दोराही नको आणि चिकटवायला डिंकही नको. १९५८ मध्ये ‘निम्फ्स अँड द ट्राऊट’ या पुस्तकात त्याने हे सगळं मांडलं. आज जिथे जिथे ट्राऊट आहे तिथे ही माशी चालते.

त्याच नेदरेव्हनमध्ये राहणारा ऑलिव्हर काइट नावाचा निवृत्त लष्करी अधिकारी एक पाऊल पुढे गेला. त्याने पिसाचे तंतूही सोडले आणि नुसत्या उघड्या गळावर पुढच्या बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे देऊन ट्राऊट धरून दाखवले. नीट खोलीवर, नीट क्षणी हलकेच वर उचलली तर मासा घेतो, हा त्याचा पुरावा. केल्सनच्या डझनभर पिसांना यापेक्षा स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

सॉयरची दुसरी माशी ‘किलर बग’. नदीतले ग्रेलिंग मासे कमी करायला त्याने ती काढली, आणि तिच्यासाठी वापरली मोजे रफू करायची लोकर: चॅडविक कंपनीची, रंग क्रमांक ४७७. कोरडी असताना मातकट. भिजली की किंचित गुलाबी होते, आणि गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जिवासारखी दिसते. पुढे ही लोकर बाजारातून गेली. आता तिची जुनी पुठ्ठ्याची कार्डं शौकीन लोक मोठ्या किमतीला घेतात. मला हे अजिबात पटत नाही. सॉयरने ती घेतली कारण ती रफूच्या टोपलीत होती. तिच्या जवळपासचा रंग कोणत्याही विणकामाच्या दुकानात शोधता येतो, दोन रंगांचे धागे एकत्र पिळून साधता येतो, आणि मासा ते चालवून घेतो. आमच्या गिरणीतल्या कितीतरी जणांनी तो पॅटर्न सुटिंगच्या टाकाऊ लोकरीतून बांधला आणि भरपूर ग्रेलिंग आणले.

भारताचा याच्याशी एक भला संबंधही आहे आणि तो क्वचित सांगितला जातो. तरंगती माशी बांधायला कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं लागतात. अमेरिकेत खास पिसांसाठी कोंबडे पैदा करण्याचा धंदा जोरात येईपर्यंत, तिकडच्या सामान्य माणसाचा आधार म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या गावठी कोंबड्यांच्या माना. ‘इंडियन केप’ या नावाने त्या स्वस्तात मिळत. कोंबडा इथल्या कुणाच्या तरी रविवारच्या रश्श्यात गेलेला असे, वाया जाणारी मान विकली जाई. पिसं जरा आखूड, पण रंगांची विविधता अशी की एका पुडक्यात तांबडा, राखी, ठिपक्यांचा, मधासारखा, सगळे सापडत. यासाठी रानातला एकही जीव जात नव्हता.

कोणाला हे करून पाहावंसं वाटलं तर सामान एका सकाळीत जमतं. गळ कोकणातल्या किंवा धरणाकाठच्या कोणत्याही बाजारात मिळतो. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडच्या कचऱ्यात असते, तो पैसेही घेत नाही. कोंबडीवाल्याला सांगून ठेवलं तर मानेची आणि पाठीची पिसं देतो. ती साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा, नाहीतर कसर लागेल. शिकंज्याच्या जागी घड्याळजीची हातातली पकड चालते, आणि तीही नसेल तर डावी चिमूट आहेच. दोरा घरात आहे, मेणही आहे. फक्त रानकोंबड्याचं पीस कोणी, कितीही जुनं म्हणून, कितीही कौतुकाने देऊ केलं, तरी घेऊ नका.